हातचा कुठल्या भाषेत?

(वालावल येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



लक्ष्मीनारायणाच्या या तळ्याकाठी बोलायचे म्हणजे आम्हाला जरा अवघड जाते. याच काठाने पाटी-दप्तर घेऊन आम्ही शाळेत जात होतो. पुढे तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केली, महाविद्यालयात तीसेक वर्षे शिकवले, निवृत्त झालो. पण गावात आलो की आम्ही पुन्हा दुसरीतले पोर होतो. तेव्हा सुरुवात दुसरीतूनच करू.

साल १९५७ असेल. नवे पैसे नुकतेच आले होते आणि घरोघरी आणे-पैशांचा गोंधळ चालला होता. आमचे गुरुजी घाटावरचे, मनाने चांगले. त्यांनी आम्हाला उभे करून विचारले, "आठातून पाच गेले, किती राहिले?" आम्ही ताठ मानेने म्हणालो, "तीन रवले." गुरुजी म्हणाले, "चूक. नीट सांग."

आता बघा, गुरुजींना चुकीचे वाटले ते 'रवले'. त्यांना 'राहिले' हवे होते. पण सात वर्षांच्या पोराला हे कसे कळावे? गणिताचा तास चाललाय, गुरुजी 'चूक' म्हणाले, म्हणजे आकडाच चुकला असणार. आम्ही थोडा विचार केला आणि म्हणालो, "चार राहिले." क्रियापद सुधारले आणि आकडा बिघडला. छडी बसली, ती आकड्यासाठी.

हा किस्सा आम्ही अनेक वर्षे हसवण्यासाठी सांगत आलो. लोक हसतात, आम्हीही हसतो. अलीकडे मात्र तो सांगताना हसू येत नाही. कारण त्या दिवशी आम्ही वजाबाकी शिकलो नाही, ती आम्हाला येतच होती. आम्ही शिकलो ते एवढेच, की घरातल्या भाषेत बरोबर आलेले उत्तर शाळेत बरोबर नसते. पुढे आमचे निभावले, कारण घरात पुस्तके होती आणि वडील लिहिते-वाचते होते. ज्यांच्या घरी हे नव्हते त्यांचे काय झाले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

सॉक्रेटिसचा पहिला प्रश्न

गणिताच्या शिकवण्याबद्दल तत्त्वज्ञानात एक फार जुना प्रसंग आहे. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस मेनोच्या घरातल्या एका गुलाम मुलाला बोलावतो आणि जमिनीवर चौरस काढून विचारतो, की याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढशील? बाजू दोन फूट, क्षेत्रफळ चार. दुप्पट म्हणजे आठ हवे. मुलगा म्हणतो, बाजू दुप्पट करू, चार फूट. पण मग क्षेत्रफळ होते सोळा. बरं, तीन फूट करू. होते नऊ. मुलगा गोंधळतो, आणि शेवटी कर्णावर चौरस काढला की आठ येतात, हे त्याला दिसते. सॉक्रेटिस म्हणतो, बघा, मी काहीच शिकवले नाही, मी फक्त प्रश्न विचारले. ज्ञान त्याच्या आतच होते.

या प्रसंगावर ग्रंथांचे ढीग आहेत. ज्ञान म्हणजे स्मरण का, अनुभवाआधी काही ज्ञान असते का, यावर आम्ही स्वतः वर्षानुवर्षे वर्गात बोललो. पण भूमितीचा पहिला प्रश्न विचारण्याआधी सॉक्रेटिस मेनोला एक साधी गोष्ट विचारतो: हा मुलगा ग्रीक आहे ना, त्याला ग्रीक बोलता येते ना? मेनो सांगतो, हो, चांगले येते, तो घरातच जन्मलेला आहे. मगच चौरस काढला जातो.

आम्ही इतकी वर्षे हा संवाद शिकवला आणि या प्रश्नावरून दरवेळी पुढे सरकत आलो. आमचेच चुकले. ज्ञान आतच आहे, प्रश्न विचारले की बाहेर येते, हा सगळा सिद्धांत त्या एका अटीवर उभा आहे. प्रश्न कळायला हवा. मुलगा गुलाम होता, म्हणजे समाजाच्या उतरंडीत तळाचा. तरी त्याला गणित करता आले, कारण प्रश्न त्याच्या भाषेत होता. तो परक्या मुलखातून पकडून आणलेला असता तर सॉक्रेटिसचे तेच प्रश्न त्याला मठ्ठ ठरवून गेले असते.

आपल्या शाळांत हा पहिला प्रश्न कोण विचारतो? मुलाचे नाव विचारतात, जात विचारतात, आधार क्रमांक विचारतात. तुम्ही घरी आकडे कुठल्या भाषेत मोजता, हे विचारताना आम्ही तरी कोणाला ऐकलेले नाही.

'वीस पाच'चा वाद

महाराष्ट्रात गणिताच्या भाषेवर अलीकडे एकदाच मोठा वाद झाला, २०१९ च्या जूनमध्ये. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस ते नव्याण्णव या संख्या 'वीस एक', 'वीस दोन' अशा वाचायला दिल्या होत्या. पंचवीस म्हणजे 'वीस पाच', त्र्याहत्तर म्हणजे 'सत्तर तीन'. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. स्वतः गणिती, आणि मुलांसाठी तळमळीने लिहिणाऱ्या. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांची बाजू सरळ होती. त्र्याहत्तर, चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याण्णव ही नावे जोडाक्षरांची आणि अनियमित. शिवाय आपण बोलताना एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. 'पंचवीस' ऐकताना मुलाच्या कानावर पाच आधी पडतात, म्हणून ते ५२ लिहून बसते. दक्षिणेतल्या भाषांत ही अडचण नाही.

यावर काय झाले ते तुम्हाला आठवत असेल. वर्तमानपत्रांत टीका, फोनवर विनोद. विधानसभेत तर तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'वर कोटी झाली आणि सभागृह हसले. मराठीची मोडतोड चालली आहे, आजी आणि नातू यांचे आकडे वेगळे होतील, अशी ओरड झाली. जुनी नावे पुस्तकातून काढलेली नव्हती, नवी रीत त्यांच्या जोडीला दिली होती. पण हे ऐकायला कोणी थांबले नाही.

आता टीकाकार म्हणून आम्हाला दोन्ही बाजूंबद्दल काही म्हणायचे आहे.

नारळीकरबाईंचे निरीक्षण खरे होते. आपली संख्यानामे अवघड आहेत. एकोणतीस, एकोणचाळीस करत मुलगा एकोणनव्वदपर्यंत येतो, आणि पुढे 'एकोणशंभर' म्हणायला जावे तर तिथे 'नव्याण्णव' उभे. नियम शिकला आणि शेवटच्या पायरीला नियमच गेला. चिनी, जपानी, कोरियन भाषांत अकरा म्हणजे 'दहा एक' आणि एकवीस म्हणजे 'दोन दहा एक'. दशमान पद्धत तिथे शब्दातच दिसते. आपल्याकडे ती शब्दात लपलेली आहे, आणि ती उकलून दाखवण्याचे काम शिक्षकावर पडते. हे ज्यांना थट्टेचे वाटले त्यांनी कधी दुसरीच्या पोराला ८४ शिकवलेले नसावे.

पण अडचण आहे म्हणजे भिंत आहे असे नाही. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात, 'एक आणि वीस' असे. तिथली मुले आकडे उलटे लिहून चुकतात, आणि तरी त्या भाषेने गाउस दिला. नॉर्वेत अशीच 'एक आणि वीस'ची रीत होती. टेलिफोनचे क्रमांक सांगताना घोटाळे होतात म्हणून तिथे संसदेत निर्णय झाला, आणि १ जुलै १९५१ पासून 'वीस-एक' ही अधिकृत रीत झाली. शाळेने ती शिकवली, रेडिओने ती बोलली. तरी सत्तर वर्षांनंतर आजही तिथे घरात, दुकानात जुनी रीत ऐकू येते. सरकार फळ्यावरचा शब्द बदलू शकते, स्वयंपाकघरातला बदलू शकत नाही.

आणि खरा मुद्दा याच्याही पुढे आहे. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली होती, की 'मराठी मूल' नावाचे एकच मूल आहे.

आपल्या कुडाळ तालुक्यातला एखादा वर्ग डोळ्यांपुढे आणा. पहिल्या बाकावर मालवणी घरातला मुलगा. आईबरोबर बाजारात जातो, पंचवीस-पन्नासचे हिशेब कानावर पडलेले असतात. त्याच्या दृष्टीने 'पंचवीस' हा घरचा शब्द, आणि 'वीस पाच' ही पुस्तकातली परकी भाषा. त्याच्या मागे चिरेखाणीवर काम करणाऱ्या, कर्नाटकातून आलेल्या कुटुंबातली मुलगी. तिच्या घरी पंचवीसला म्हणतात 'इप्पत्तैदु', म्हणजे शब्दशः वीस-पाच. तिला 'वीस पाच' ओळखीचे आणि 'पंचवीस' अनोळखी. तिसऱ्या बाकावर आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी माणसाचा मुलगा. त्याचे 'पच्चीस' आपल्या पंचवीसचे सख्खे भावंड. पान एकच, पण एकाला ते उतार, दुसरीला चढ. मग पुस्तकाने जुनी रीत घ्यावी की नवी, या प्रश्नाला एकच उत्तर कसे असेल? ज्याला आपण समता म्हणतो, म्हणजे सर्वांना एकच पान, ती इथे पुरत नाही. कोण कुठून चढतो आहे हे बघावे लागते. त्याला आम्ही समन्याय म्हणतो.

२०१९ चा वाद मराठीच्या अभिमानावर झाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी आणण्याचा शासननिर्णय आला, पुन्हा वाद झाला, आणि जूनअखेर तो मागे घेण्यात आला. त्या वादात आमची सहानुभूती कुणाकडे होती हे सांगायला नको. पण तेव्हाही सगळी चर्चा भाषा या विषयाची होती. भूगोलाच्या, गणिताच्या तासाला मूल कुठल्या भाषेत विचार करते, हे पुन्हा राहूनच गेले.

सेमीचा उलटा क्रम

आता दुसऱ्या गोष्टीकडे येऊ. तिच्यावर कधी वाद होत नाही, म्हणून ती जास्त गंभीर आहे. सेमी इंग्रजी.

सेमी म्हणजे बाकी विषय मराठीतून, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. गावोगाव पालकांची ही मागणी आहे, आणि पटसंख्या टिकवायची तर शाळेलाही ती मान्य करावी लागते. आम्ही पालकांना नावे ठेवणार नाही. बारावी सायन्स इंग्रजीत, इंजिनियरिंग इंग्रजीत, डॉक्टरकी इंग्रजीत. मग पोराने अकरावीत पहिल्यांदा 'डिनॉमिनेटर' ऐकून घाबरावे का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. दक्षिण आफ्रिकेत जिल अ‍ॅडलर आणि मामोकगेथी फाकेंग या संशोधकांनी बहुभाषिक वर्गांतल्या गणिताचा अभ्यास केला. तिथेही हेच दिसले. लोक इंग्रजी निवडतात ते गणित सोपे होते म्हणून नव्हे, तर इंग्रजीने दारे उघडतात म्हणून. ज्यांच्या मुलांना ती दारे जन्मापासून उघडी आहेत त्यांनी गावातल्या आईला मातृभाषेचे महत्त्व सांगू नये.

पण दार उघडते म्हणून आत शिरता येते असे नाही. एक साधे उदाहरण देतो. आपण मराठीत म्हणतो, "बारातून पाच वजा करा." बारा आधी, पाच नंतर. लिहायचे कसे? १२ वजा ५. बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच. इंग्रजीत तेच होते, "सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम ट्वेल्व्ह". पाच आधी आले. ज्या मुलाला 'फ्रॉम'चे नेमके काम माहीत नाही ते ऐकलेल्या क्रमाने लिहिते, ५ वजा १२. मग म्हणते, पाचातून बारा जात नाहीत, आणि थांबते. किंवा मोठ्यातून लहान वजा करते आणि योगायोगाने बरोबर येते, ते तर आणखी वाईट. पुढे बीजगणितात एक्समधून पाच वजा करायचे येते तेव्हा मोठे-लहान कळत नाही आणि ते पडते. आपण म्हणतो, याचे बीजगणित कच्चे आहे. कच्चे होते ते एक शब्दयोगी अव्यय.

अपूर्णांकाचे बघा. इंग्रजीत 'थ्री-फोर्थ्स', तीन आधी. मराठीत 'चार भागांपैकी तीन', चार आधी. आणि घरात काय म्हणतात? पाऊण. पाऊण म्हणजे पाद-ऊन, एकाला पाव कमी. सव्वा म्हणजे पाव जास्त. अडीच म्हणजे तिसरा अर्धा. हे शब्द म्हणजे गणितच आहे, पण वेगळ्या वाटेने गेलेले. आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ करून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आणे गेले, शेर-पायली गेली, पाढे गेले. त्याचे आम्हाला दुःख नाही. सोळा आण्यांच्या हिशेबासाठी ते होते, त्यांचे काम संपले. पण पाऊण, सव्वा, अडीच हे शब्द अजून प्रत्येक घरात जिवंत आहेत. कुठल्याही वर्गात पाऊण माहीत नसलेले मराठी मूल सापडणार नाही. आणि तेच मूल तीन छेद चार बघून गप्प बसते. दोघांची ओळख कोणी करून दिलेली नसते.

मराठी माध्यम म्हणजे मातृभाषा?

आता काही मंडळी खूश झाली असतील, की सर मराठी माध्यमाच्या बाजूने बोलतायत. जरा थांबा.

मराठीतून गणित की इंग्रजीतून, हा वाद आपल्याकडे नवा नाही. १८४७ च्या सुमारास मुंबईच्या शिक्षण मंडळात तो गाजला. अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे, कर्नल जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूचे, आणि जगन्नाथ शंकरशेट जर्व्हिसबरोबर. जर्व्हिसने त्याआधी मराठीत गणिताची पुस्तके तयार करवली होती. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणारे बाळशास्त्री जांभेकर तर आपल्याच जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याचे. या लोकांनी मराठीत गणित बोलता येते हे दाखवून दिले, हे त्यांचे मोठे ऋण आहे.

पण बोलता येते ते कोणाला? गणिताची मराठी संस्कृतातून घडली. 'लघुतम साधारण विभाज्य' हे शब्द कुणाच्या मातृभाषेत आहेत? मुले 'लसावि' असा एक मंत्र पाठ करतात. 'घात' म्हणजे घरी दगाफटका, वर्गात दोनाचा तिसरा घात. 'अंश' म्हणजे अपूर्णांकाचा वरचा आकडा, आणि कोनमापकावर वेगळेच काही. भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे यांनी १९७४ मध्ये नैरोबीच्या परिसंवादात हीच गोष्ट मांडली. गणिताला आपली बोलण्याची एक स्वतंत्र धाटणी असते, आणि ती धाटणी मातृभाषा बोलणाऱ्यालाही शिकावीच लागते. म्हणजे मराठी माध्यमातले मालवणी मूलही एका अर्थाने परभाषेत गणित शिकते. फरक इतकाच, की इंग्रजी परकी आहे हे सगळ्यांना दिसते आणि पुस्तकी मराठी परकी आहे हे कोणाला दिसत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिले आहे, की शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, असे आहे. तिथेही 'शक्य तेथे'. कायद्यातली 'शक्य तेथवर' ही जागा फार मोठी असते, तिच्यात अख्खी चिरेखाण मावते.

मालवणीचे आपण काय केले? 'वस्त्रहरण'ने १९८० पासून ती रंगभूमीवर गाजवली. मुंबईतले प्रेक्षक पोट धरून हसले, आपल्यालाही अभिमान वाटला. पण आज चाळीसहून अधिक वर्षांनी मालवणी हसवायला चालते, फळ्यावर चालत नाही. ज्या भाषेत आपण फक्त विनोद करतो तिच्यात मूल गंभीर विचार करते आहे, हे आपल्याला सुचतच नाही.

नारळाचा हिशेब

घरच्या भाषेतल्या गणिताबद्दल एक प्रसिद्ध अभ्यास आहे, १९८५ चा, ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला. टेरेझिन्हा न्यूनेस, डेव्हिड कॅराहर आणि अ‍ॅनालुसिया श्लीमान यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांना गिऱ्हाईक बनून प्रश्न विचारले. एक नारळ पस्तीसला, दहा नारळांचे किती? मुलाने दहाने गुणून शून्य लावले नाही. तीन नारळांचे एकशेपाच हे त्याला ठाऊक होते. तीन, आणखी तीन, आणखी तीन, आणि वर एक, असे करत तो साडेतीनशेवर पोहोचला. बाजारात या मुलांची शेकडा ९८ उत्तरे बरोबर आली. तीच गणिते नंतर कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तेव्हा बरोबर आली शेकडा ३७. शाब्दिक उदाहरण करून दिली, तेव्हा शेकडा ७४.

नारळ आहेत, म्हणून हा अभ्यास आम्हाला अगदी घरचा वाटतो. आपल्याकडे मासे वाट्यावर विकतात. एका टोपलीचे किती 'वाटे' करायचे, दर वाट्याला किती बांगडे, उरलेले कुठे टाकायचे, हे कोळणीची दहा वर्षांची मुलगी बघून बघून शिकते. हा भागाकार आहे, बाकीसकट. शाळेत 'भाज्य, भाजक, भागाकार, बाकी' सुरू झाले की तीच मुलगी खाली मान घालते.

पण इथे आम्हाला आमच्याच बाजूच्या लोकांवर टीका करायची आहे. हा अभ्यास वाचून काहीजण म्हणतात, बघा, बाजारातले गणित हेच खरे गणित, शाळा उगाच. हे गोड बोलणे गरिबाच्या मुलाला बाजारातच ठेवते. नारळाच्या हिशेबाने ऋण संख्या येत नाहीत, समीकरण येत नाही. दहा नारळांचे उत्तर येणाऱ्या मुलाला 'क्ष' नारळांचे उत्तरही मिळाले पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. घरची भाषा ही जिथून निघायचे ती जागा. तिथेच बसून राहा, असे आम्ही म्हणत नाही.

मग करायचे काय?

अ‍ॅडलर यांनी शिक्षकांची एक कोंडी नोंदवली आहे, ती प्रामाणिक आहे. शब्द समजावत बसावे तर गणित मागे पडते, गणित पुढे न्यावे तर शब्द न कळलेली मुले मागे पडतात. यावर जादू नाही. पण काही गोष्टींना पैसे लागत नाहीत, शासननिर्णयही लागत नाही.

पहिली, सॉक्रेटिसचा प्रश्न. जूनमध्ये प्रत्येक मुलाला एक ते वीस घरच्या भाषेत म्हणायला लावा. दहा मिनिटांत शिक्षकाला आपला वर्ग कळेल, आणि मुलांना कळेल की एकाच पाचाला अनेक नावे असतात. संख्या आणि संख्येचे नाव वेगळे असते हे समजायला तत्त्वज्ञांना फ्रेगेपर्यंत थांबावे लागले. बहुभाषिक वर्गातल्या मुलांना ते पहिलीतच कळू शकते. मराठवाड्यातून किंवा देशावरून बदलून आलेल्या शिक्षकानेही पन्नासेक मालवणी शब्द शिकून घ्यायला काय हरकत आहे? मुलांनाच शिकवू द्या, त्यांना फार आनंद होतो.

दुसरी, तपासताना आकड्याला एक खूण आणि शब्दाला दुसरी. 'तीन रवले' यावर आधी बरोबरची खूण करा, मग खाली 'राहिले' लिहा. आमच्या गुरुजींनी एवढे केले असते तर बस होते.

तिसरी, 'पंचवीस' आणि 'वीस पाच' दोन्ही राहू द्या, काड्यांचे जुडगे हातात देऊन. दोन जुडगी आणि पाच सुट्या काड्या हातात असल्या की कुठल्याही नावाने हाक मारा, फरक पडत नाही.

चौथी सेमीवाल्यांसाठी. उदाहरण आधी मराठीत, मालवणीत, ज्या भाषेत येईल त्या भाषेत सांगायला लावा, मग इंग्रजीत. धोरणात गणित-विज्ञानाच्या द्विभाषिक पुस्तकांची भाषा आहेच. पुस्तकाबरोबर प्रश्नपत्रिकाही दोन भाषांत असावी, कारण आपल्याकडे परीक्षेत जे असते तेच वर्गात येते.

कोणी म्हणेल, सर, कोकण विभाग तर दहावीच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो, मग एवढी काळजी कशाला? अभिमान आम्हालाही आहे. पण निकालाने पास किती झाले ते कळते. दहावीपर्यंत पोहोचलेच नाहीत ते त्यात नसतात. खाणीचा हंगाम संपला की गाव सोडून जाणारी मुले कुठल्याच टक्केवारीत नसतात.

शेवटी एक प्रसंग सांगतो आणि थांबतो. काही वर्षांपूर्वी इथून जवळच्या एका शाळेत आम्हाला बोलावले होते. तिसरीच्या वर्गात मागे जाऊन बसलो. बाई फळ्यावर बेरीज शिकवत होत्या, सत्तावीस अधिक पंधरा. मनापासून शिकवत होत्या. "सात आणि पाच बारा, बाराचे दोन लिहिले, हातचा एक." आमच्या पुढच्या बाकावर चिरेखाणीवरची एक मुलगी होती. बाई 'हातचा एक' म्हणाल्या तेव्हा तिने आपली मूठ उघडून हातात बघितले.

आम्ही ते पाहिले. बाईंनीही पाहिले. त्या चटकन तिच्याजवळ आल्या, त्यांनी तिच्या उघड्या हातावर खडूचा एक तुकडा ठेवला आणि फळ्यावरच्या दशकाच्या घराकडे बोट दाखवले. मुलगी उठली, खडू घेऊन फळ्यापाशी गेली आणि दोन व एक या दशकांच्या डोक्यावर एक लिहून आली. मग ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजले आणि बेचाळीस लिहिले. कुठल्या भाषेत मोजले ते आम्हाला ऐकू आले नाही.

मधल्या सुट्टीत बाई म्हणाल्या, "सर, ती जूनपासून माझ्या वर्गात आहे. मला वाटत होतं तिला बेरीज येत नाही." तेव्हा नोव्हेंबर चालू होता.

आमचे बोलणे इथे थांबवतो. सभेत शिक्षक मंडळी बरीच दिसतायत. प्रश्नोत्तरांत आधी त्यांनी बोलावे, आणि हवे तर मालवणीत बोलावे.